दुरुस्तीची नोंद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

डब्लिन, ओहायो
१४ जून २०२५

चि. शरयूस अक्काचे आशीर्वाद.

तू परत पाठवलेलं पार्सल काल पोचलं. आत सुती साडी एक, बदामाचं पाकीट एक, माझ्या नातीने, आन्याने काढलेलं दत्ताचं चित्र एक. मला पाठवायला एकसष्ट डॉलर पडले होते, तुला परत पाठवायला दोन हजार तीनशे चाळीस रुपये. वरच्या पावतीवरून कळलं. रागावर तू एवढा खर्च करशील असं वाटलं नव्हतं. सगळं बाहेर काढून दोनदा पाहिलं. पत्र तेवढं आत नव्हतं. म्हणजे ते तू ठेवून घेतलंस. तेवढ्याच भरवशावर हे दुसरं लिहिते.

तुझ्याशी बोलावं असा विषय सतरा वर्षांत पहिल्यांदा हाताला लागला आहे. तू अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस. आता त्र्याहत्तराव्या वर्षी तो माझ्या मानेवर आला. यतीनने जानेवारीत माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरला. माझ्या वयाला आणि इतकी वर्षं ग्रीनकार्ड असलेल्याला परीक्षा आपल्या भाषेत देता येते, दुभाषा सोबत न्यायचा. शंभर प्रश्न आहेत. त्यातले दहा विचारतात, सहा यावे लागतात. मी जुन्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळे उतरवून घेतले आहेत.

मला वाटलं होतं राजेरजवाड्यांची नावं आणि सनावळ्या असतील. तसं नाही गं. राजा घालवल्यावर तेरा राज्यांनी आधी सैलसर गाठ मारली होती. वर्गणी मागायची, द्यायची की नाही ही ज्याची त्याची मर्जी. आपल्या कॉलनीच्या गणपतीसारखं. त्यात देश चालेना, तेव्हा १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला दारंखिडक्या लावून माणसं बसली आणि ही घटना लिहिली. सत्तेचे तीन वाटे केले. कायदा करणारे वेगळे, राबवणारा वेगळा, न्याय करणारे वेगळे. शिवाय प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला अडवायची एक कडी.

वाचता वाचता मला आपल्या दत्ताच्या देवळाची दानपेटी दिसली. कुलपं दोन. एक किल्ली विश्वस्त म्हणून मोरेश्वररावांकडे, दुसरी हिशेब ठेवणाऱ्याकडे, म्हणजे हे गेल्यावर माझ्याकडे. दोन्ही किल्ल्या आणि पंच जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. तुझ्या नवऱ्यावर कुणाचा अविश्वास होता म्हणून नव्हे. भला माणूसही एखाद्या दिवशी चुकतो, आणि तो दिवस कोणता हे आधी कळत नाही, म्हणून. हीसुद्धा तशीच पोथी आहे. लिहिणाऱ्यांनी स्वतःवरही विश्वास ठेवलेला नाही.

किल्लीचं नाव काढलं म्हणून पत्र फाडू नकोस. मला त्याच्यावरच यायचं आहे. पण आज हात चालत नाही.

अक्का


१९ जुलै २०२५

चि. शरयूस आशीर्वाद.

गेलं पत्र परत आलं नाही. बरं वाटलं.

शनिवारी आन्या माझा अभ्यास घेते. तेरा वर्षांची आहे, पण खुर्चीवर बसली की अगदी तू. उत्तर चुकलं की चष्म्यावरून बघते.

गेल्या शनिवारी मी तिला विचारलं, "घटनेची सुरुवात 'आम्ही लोक' अशी केली, आणि खाली गुलामांची मोजणी करताना पाच माणसं म्हणजे तीन धरायची असं ठरवलं. हे कुठलं गणित?"

"आजी, ते टेस्टमध्ये नाहीये."

"नसू दे. उत्तर दे."

"इट वॉज रॉंग. मग नंतर चेंज केलं ना त्यांनी. अमेंडमेंट."

"मग ती ओळ खोडली का?"

"नो. अजून आहे तिथे. नवीन खाली ॲड करतात."

शरयू, हे ऐकून मी वही मिटून बसले. ह्यांनी मला हिशेब शिकवला तेव्हा पहिलं हेच सांगितलं होतं. चुकलेली नोंद खोडायची नाही, पान फाडायचं नाही. जिथे कळलं तिथे खाली दुरुस्तीची नोंद करायची, तारीख घालायची, सही करायची. चूकही दिसली पाहिजे आणि ती कोणी निस्तरली तेही. या लोकांना ती तीनपंचमांशाची ओळ निस्तरायला केवढी लढाई करावी लागली, किती माणसं मेली. तरी पान फाडलं नाही.

मग पोरीने पुढचा प्रश्न विचारला. फक्त नागरिकालाच असलेला एक हक्क सांगा.

मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "ईझी आहे आजी. व्होट."

"ग्रीनकार्डवाल्याला नसतो?"

"ऑफ कोर्स नॉट."

"पण मी तर केलंय."

ती हसली. "नो यू डिडन्ट!"

मी उठून २०१६ सालची वही आणली. नोव्हेंबर आठ. दूध, कोथिंबीर, आणि खाली माझ्या अक्षरात 'मतदान केले. खर्च नाही.' शेजारी त्यांनी दिलेली कागदाची गोल टिकली चिकटवलेली. आपल्यासारखी बोटाला शाई इथे लावत नाहीत.

पोरीचं हसू मावळलं. "आजी, डोन्ट टेल एनीवन," म्हणाली आणि वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या पोटाशी धरली.

कसं झालं ते सांगते. ओळखपत्र काढायला गेले होते, यतीन गाडी हलवायला बाहेर गेलेला. खिडकीवर फॉर्म मिळाला, त्यात मतदारयादीत नाव घालायचं का असा चौकोन. मत हा शब्द मला कळला. नवीन गावी गेलं की रेशनकार्ड आणि मतदारयादी, दोन्ही करून घ्यायची ही आपल्या घरची शिस्त. मी खूण केली. नागरिक आहात का असाही चौकोन वर होता म्हणे. तिथेही केली असणार, कारण मी सगळ्याच केल्या होत्या. मी, जी तुला दुधवाल्याच्या वहीतही वाचल्याशिवाय सही करू देत नव्हते.

दोन वर्षांनी घरी माझ्या नावाचं कार्ड आलं. मला वाटलं, सरकारने बोलावलंय. यतीन गावाला, सूनबाई निधी कामावर. स्नान-पूजा उरकून चालत शाळेत गेले. दाराबाहेर चपला काढल्या, तर तिथल्या बाई हसून म्हणाल्या, घाला घाला. घरी कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढच्या निवडणुकांना गुडघ्याने जाऊ दिलं नाही, तेवढंच वाचलं.

यतीनने भरलेल्या माझ्या अर्जात असा प्रश्न आहे, तुम्ही कधी मतदानासाठी नाव नोंदवलंत का, मतदान केलंत का. त्याने 'नाही' लिहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली. म्हणजे खोटं माझ्या सहीचं.

मुलाखत दहा सप्टेंबरला आहे.

अक्का


१६ ऑगस्ट २०२५

चि. शरयूस आशीर्वाद.

या वेळी बराच कागद लागणार आहे.

यतीनला सांगितलं. तो म्हणाला, "आई, नऊ वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? ते पान फाड आणि विसर."

"हिशेबाच्या वहीचं पान फाडत नाहीत."

"मग वहीच जाळ! तुला कळतंय का सध्या काय चाललंय? ग्रीनकार्डवाल्यांनासुद्धा सोडत नाहीत. परत पाठवतील तुला. कुठे राहशील? कोण आहे तुझं तिथे?"

मी म्हटलं, शरयू आहे. तो उठला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. बावन्न वर्षांचा मुलगा.

निधीने वकील शोधली. प्रीता नाव, इथेच जन्मलेली, पण मधे इंग्रजी मिसळून मराठी चांगलं बोलते. मला मावशी म्हणते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मतदारयादी राज्याची असते, सिटिझनशिप केंद्राची. फॉर्म राज्याने दिला, पण जाब केंद्र विचारणार. एकाने दिलं म्हणून दुसरा माफ करत नाही."

"तेच मी पाठ केलंय," मी म्हटलं. "दोन किल्ल्या."

तिला ते कळलं नाही. म्हणाली, "माझं ऐका. ॲप्लिकेशन विथड्रॉ करू. मुलाखतीला जाऊच नका. गप्प राहा. स्वतःविरुद्ध बोलायला तुम्हाला कोणी फोर्स करू शकत नाही."

"ते ठाऊक आहे. पाचवी दुरुस्ती."

"एक्झॅक्टली! मग?"

मग काय सांगू तिला. तुला सांगते.

देवळातल्या राजाराम गुरुजींच्या छातीत कळ आली तो शुक्रवार तुला आठवत असेल. इस्पितळवाले पन्नास हजार भरल्याशिवाय आत घेईनात. आदल्याच दिवशी एका घरच्यांनी सगळ्यांसमोर एक्कावन्न हजारांचं पुडकं पेटीत टाकलं होतं. भर दुपारी मोरेश्वरराव माझ्या दारात आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाले, "अक्का, पंच जमायला उद्या उजाडेल. माणूस आज जाईल. सोमवारी माझ्या फंडातून भरतो."

मी देव्हाऱ्यात तसबिरीमागे ठेवलेली किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मी दिली, शरयू. दोन किल्ल्या एका हातात गेल्या त्या माझ्यामुळे.

संध्याकाळी त्यांनी किल्ली परत आणून दिली, ती मी होती तिथे ठेवली. रविवारी पंचांनी पेटी उघडली, पुडकं नव्हतं. मोरेश्वरराव आपण होऊन म्हणाले, मी काढलं, गुरुजींसाठी. तिथवर कोणी ओरडलंसुद्धा नाही. मग एकाने विचारलं, दुसरी किल्ली कुठून आली? ते गप्प. तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.

मी दत्तासमोर उभी राहून म्हटलं, "माझी किल्ली देव्हाऱ्यातून हललेली नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, आणि म्हणाले, "अक्का म्हणतात तसंच."

बस, तेवढंच. त्या तीन शब्दांनी बनावट किल्ली त्यांच्या नावावर चढली. सोमवारी त्यांनी पै न् पै भरली, पण भरल्याने काय होणार, पैशाचा प्रश्न उरलाच नव्हता. पोलीस आले, पेपरात आलं, विश्वस्तपद गेलं. दोन वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत, आणि मग गेले. तुझा राग आहे की बहीण असून अक्काने कीव केली नाही, कोरडेपणाने खरं बोलली. मी खरं बोललेच नव्हते. त्यांनी हे तुलाही सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर तू तेव्हाच माझ्या दारात उभी राहिली असतीस.

का बोलले खोटं? यतीनने माझे इकडचे कागद तेव्हाच सुरू केले होते. पोलिसांत नाव गेलं तर अमेरिका अडेल, एवढंच डोक्यात आलं. हे गेल्यावर घर खायला उठत होतं. ती सबब नव्हे, काय झालं ते सांगते.

गप्प राहायचा हक्क चांगलाच आहे. तो त्यांनी वापरला, मला वाचवायला. मी आता तो स्वतःला वाचवायला वापरला तर देवापुढे निरांजन कुठल्या हाताने लावू?

अक्का


१३ सप्टेंबर २०२५

चि. शरयूस आशीर्वाद.

बुधवारी जाऊन आले.

प्रीता सोबत होती. तिने शेवटपर्यंत नको म्हटलं, मग माझी साडी सारखी करून दिली. दुभाषी म्हणून इथल्या मराठी मंडळातली आसावरी. अधिकारी म्हणजे चाळिशीचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. टेबलावर डबा होता, झाकण अर्धवट लागलेलं. उजवा हात वर करून शपथ घेतली.

घटना काय करते? सरकार उभं करते आणि लोकांचे मूळ हक्क राखते. देशातला सर्वोच्च कायदा कोणता? घटनाच. कायद्याचं राज्य म्हणजे काय? कायद्याच्या वर कोणी नाही, राज्यकर्तासुद्धा नाही. एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय आहे? एकमेकींवरचा अंकुश. घटना कधी लिहिली? १७८७. पाच झाले. सहावा त्याने विचारला, फक्त नागरिकालाच असलेला एक हक्क सांगा.

आसावरीने मराठीत विचारलं. मी म्हटलं, "मतदान."

तो हसला. सहापैकी सहा. म्हणाला, फार छान तयारी केलीत.

मग अर्ज पुढे ओढून एकेक ओळ वाचू लागला. त्या ओळीवर आला तेव्हा त्याने वर न बघताच विचारलं, कारण 'नाही' तिथे लिहिलेलंच होतं.

मी म्हटलं, "ते चुकीचं लिहिलं आहे. मी नाव नोंदवलं होतं आणि एकदा मतदान केलं आहे. तेव्हा मला नियम माहीत नव्हता. मुलालाही माहीत नव्हतं. सही माझी आहे."

आसावरी माझ्याकडे वळली. "काकू, हे मी असंच सांगू?"

"असंच सांग. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस."

तिने सांगितलं. त्या माणसाने पेन खाली ठेवलं. मग प्रीताकडे पाहून म्हणाला, तुमच्या अशिलाला याचा अर्थ ठाऊक आहे ना? मी पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून समोर ठेवलं. त्याने टिकलीवर बोट ठेवलं, उगीच जरा घासलं, निघते का बघितल्यासारखं. मग पानाची प्रत काढून आणली आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

त्याने लाल शाई घेतली. 'नाही' खोडलं नाही. ते वाचता येईल अशी त्यावर एक रेघ मारली, शेजारी 'हो' लिहिलं, आणि मला तिथे सही करायला सांगितली. शरयू, मला रडू फुटलं ते तेव्हा.

यतीन गाडी घेऊन न्यायला आला होता. त्याने घरी येईपर्यंत वायपर चालूच ठेवले होते, पाऊस नसताना.

अक्का


३० नोव्हेंबर २०२५

चि. शरयूस आशीर्वाद.

आलेलं असं. नागरिकत्व नाकारल्याचं पत्र एक. न्यायाधीशापुढे हजर राहण्याची नोटीस एक, तारीख अठरा मार्च. तुझ्याकडचं काही नाही. तिकडून टपाल बरेच दिवस बंद होतं असं कळलं, तेव्हा मनाशी म्हटलं, त्यामुळेच असेल. ते सुरू होऊन दीड महिना झाला.

इथे मधे सरकारच त्रेचाळीस दिवस बंद पडलं होतं. खजिन्याची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, ती फिरेना. निधी म्हणाली, काय हा मूर्खपणा. किल्ली फिरत नाही तेव्हा माणसं उपाशी राहतात, आणि फिरते तेव्हा काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मला पाठवतील असं प्रीताला वाटतं. म्हणते, न्यायाधीशाला हे पटवून देता येईल की हेतू वाईट नव्हता, पण दिवस वाईट आहेत. आन्या माझ्याशी बोलत नाही. तिने मला शिकवलं आणि त्यानेच मी अडकले, असं तिच्या मनात बसलंय. अभ्यासाची खुर्ची तिने गॅरेजमध्ये नेऊन टाकली. काल मी दाराशी जाऊन म्हटलं, "तू शिकवलं नसतंस तर मी खोट्यातच मेले असते." आतून आवाज आला, "ॲटलीस्ट इथे मेली असतीस." तिचं मराठी एवढं सुधारलंय हे मला माहीत नव्हतं.

सोबत एक कागद आहे. किल्ली मी स्वतः दिली, बनावट किल्ली कधी नव्हतीच, असं लिहून नोटरीसमोर सही केली आहे. याची एक प्रत देवळाच्या ट्रस्टला आजच वेगळी पाठवली. त्या साली ठरावाच्या वहीत जिथे मोरेश्वररावांचं नाव आहे, त्या पानाच्या खाली ही नोंद करावी, जुनं काही खोडू नये, असं लिहिलं आहे. तुला विचारून पाठवायला हवी होती. पण तू नको म्हणाली असतीस तर मी पुन्हा गप्प बसले असते, आणि मला माझा भरवसा नाही.

त्याने ते परत येणार नाहीत. तुझी सतरा वर्षंही नाहीत.

आता मागणं. मला पाठवलं तर नागपूरला उतरून जायला दुसरं दार नाही. आपलं घर विकलं तेव्हाच गेलं. मागच्या खोलीत पोळ्या लाटीन, तुझ्या डोळ्यांसमोर येणार नाही असं म्हणत नाही, येईन. तुला हवं ते बोल. ऐकून घेईन. जागा नाही असं लिहिलंस तर यतीन कुठे वृद्धाश्रम बघेल, तेही मी मुकाट मान्य करीन. पण ते तुझ्या अक्षरात येऊ दे.

निघताना नागपुरात घेतलेलं परदेशी पाठवायचं एक एरोग्राम, छापील तिकिटाचं घडीचं पत्र, माझ्याकडे कोरं पडून आहे. ते सोबत ठेवलं आहे, माझा पत्ता घालून. सतरा वर्षांपूर्वीचं तिकीट आता पुरायचं नाही. वरचं तेवढं तुला लावावं लागेल. एक शब्द लिहिलास तरी चालेल, पण उलटटपाली लिही.

तुझी
अक्का